आधी एप्सिलॉन, मग डेल्टा

सुलक्षणा परबचा आवाज अर्ध्या मुंबईनं ऐकला होता, पण तिला कुणी ओळखत नव्हतं. सत्तावीस वर्षं ती टेलिफोन खात्यात १९७ वर बसली. कुणाला कुणाचा नंबर हवा असला की लोक १९७ फिरवायचे आणि पलीकडून सुलक्षणा म्हणायची, "नमस्कार, नाव सांगा." परेरा की फरेरा, साठे की साठ्ये, हे तिला एका झटक्यात कळायचं. मग मोबाइल आले, नंबर विचारणारे संपले, तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं, आणि शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेऊन ती घाटकोपरच्या भटवाडीतल्या दोन खोल्यांत घरी बसली.

साठावं लागलं त्या वर्षी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा निरोप पुढे पाठवला. दृष्टिहीन विद्यार्थिनीला गणिताची पुस्तकं वाचून दाखवायला वाचक हवा होता. मुलगी एम.एस्सी. करत होती, राहायला मरोळला. सुलक्षणानं तो निरोप तीनदा वाचला आणि फोन लावला.

"तुका त्या गणितातला काय कळता?" तिच्या नवऱ्यानं, राजेशनं विचारलं. तो बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला होता आणि घरात मालवणीच बोलायचा.

"वाचायचंय फक्त. समजायचं नाहीये," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण बोलता बोलताच तिला जाणवलं की हे काही खरं नाही.

मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरून गावठाणात शिरलं की गल्लीच्या तोंडाशी क्रूस होता, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. त्याच्यामागे मिरांडांचं बैठं घर. दार एडनानं उघडलं. मुलीची आई, पन्नाशीची, हाताला मसाल्याचा वास. "या बाई, आत या. ती वाट बगते सकालपासून."

जोआना बावीस वर्षांची होती. जन्मापासून दिसत नव्हतं. अंगानं काटकुळी, बोलायला भरभर, आणि विचार करत असली की बोटं टेबलावर पेटी वाजवल्यासारखी चालायची. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचा लॅपटॉप इंग्रजी मजकूर वाचतो, पण सूत्र आलं की नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. आधी वर्गातला मिहिर वाचून दाखवायचा, त्याला बंगळुरूला नोकरी लागली. "आंटी, तुम्ही फक्त जे दिसतं ते वाचा. बाकी माझं मी बघते."

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. शिवाय घरी बसून मोबाइलवर वाचन रेकॉर्ड करून पाठवायचं. पुस्तक होतं 'मेझर थिअरी'चं, म्हणजे कुठल्या संचाचं माप किती, याचं शास्त्र. सुलक्षणा ओळीमागून ओळ वाचत गेली. शब्द इंग्रजी होते, ते सोपे गेले. ग्रीक अक्षरं आली की ती अडखळायची. कॉलेजातली चाळीस वर्षांपूर्वीची नावं केव्हाच विरून गेली होती. आल्फा, बीटा, थीटा, पाय एवढी शिल्लक होती, आणि आणखी दोन होती, ती मात्र विसरणं शक्यच नव्हतं. बाकीच्या अक्षरांना ती जवळच्या इंग्रजी अक्षरानं हाक मारायची. यूसारखं दिसलं तर यू, व्हीसारखं दिसलं तर व्ही. दिसतं ते वाचा असंच तर सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती गेली तेव्हा जोआनाची बोटं टेबलावर चालत नव्हती.

"आंटी, एक विचारू? 'यू ऑफ यू' म्हणजे काय?"

"तसंच लिहिलंय गं."

"चार दिवस मी या एका ओळीवर बसलीये. यू हा संच आहे. तो स्वतःच स्वतःचं माप घेतोय? दोन्ही यू सारखेच दिसतात का तुम्हाला?"

सुलक्षणानं चष्मा पुसला आणि पुस्तक डोळ्यांजवळ आणलं. "एक मोठा आहे. दुसरा बारका आहे, आणि त्याला... डावीकडे खाली शेपूट आहे."

"शेपूट!" जोआना उठून उभी राहिली. "तो म्यू आहे, आंटी! म्यू! म्यू म्हणजे माप. म्यू ऑफ यू, यू या संचाचं माप. आणि तुमचा तो बारका व्ही?"

"तो जरासा वाकडा आहे."

"तो न्यू असणार. म्हणजे गेले तीन आठवडे मी ऐकलेलं सगळं पुस्तक चुकीचं."

स्वयंपाकघरातून एडना म्हणाली, "जो, मोठ्या मानसाशी असा बोलतात?"

"बोलू दे तिला," सुलक्षणा म्हणाली.

मग जोआना खाली बसली आणि हळू आवाजात बोलली. बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपराला मिळालेल्या लेखनिकानं ऱ्होला 'पी' वाचलं होतं. त्याच प्रश्नात खरा पी पण होता. "वीस मार्कांची वाट लागली. पेपर पुन्हा तपासायला टाकला तर म्हणाले, उत्तर चुकलंय. चुकलंच होतं ना! मी प्रश्नच दुसरा सोडवला होता. तुम्ही लोक चेहऱ्यावरून ओळखता, आंटी. नाव चुकलं तरी तुमचं भागतं. माझ्याकडे नावाशिवाय काहीच नसतं."

परतताना मेट्रोत जागा रिकामी होती तरी सुलक्षणा साकीनाका, असल्फा करत घाटकोपरपर्यंत दाराशी उभीच राहिली. सत्तावीस वर्षांत परेराला फरेराचा नंबर दिला नाही आणि आज ही लाज. त्याहून बोचलं ते दुसरंच. पोरीनं तीन आठवडे विश्वास ठेवला होता.

त्याच संध्याकाळी तिनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, फोनवर शोधून चोवीसच्या चोवीस अक्षरं मार्करनं ठळक काढली, प्रत्येकाखाली नाव लिहिलं आणि मिक्सरच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. आठवडाभर पोळ्या लाटताना, तांदूळ निवडताना तिची तोंडानं घोकंपट्टी चालली. मग नावांवर कागदाची पट्टी लावली आणि राजेशला परीक्षा घ्यायला उभं केलं. तो लाटणं घेऊन एकेका अक्षरावर ठेवू लागला.

"ह्यां?"

"लॅम्डा."

"ह्यां?"

"टाऊ."

"आणि ह्यां काय?"

"काय."

"अगो, मी तांच इचारतंय. ह्यां काय?"

"अहो, काय! त्याचं नावच 'काय' आहे."

राजेशनं पट्टी उचलून पाहिलं आणि हसता हसता खुर्चीवरच बसला. पुढचे चार दिवस तो येता-जाता भिंतीकडे बोट दाखवून "काय म्हणता काय?" असं विचारत राहिला. सुलक्षणालाही हसू यायचं, पण ती पाठांतर सोडत नव्हती. झीटा आणि क्साय तिला सगळ्यात जड गेले. दोन्ही वळवळणारे. झीटाला वर एक वळसा, क्सायला मध्ये आणखी एक. फाय दोन तऱ्हांनी छापतात. आणि 'या संचात आहे' असं सांगणारी खूण एप्सिलॉनसारखी दिसते, पण एप्सिलॉन नाही. पंधरा दिवसांनी तिनं आधीची सगळी रेकॉर्डिंग पुसली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.

जोआनानं ते सगळं ऐकलं. पुढच्या मंगळवारी आईला म्हणाली, "मम्मी, आंटीला आज कटलेट दे."

हळूहळू दोघींचं जमत गेलं. एकदा वाचता वाचता क्साय आला तेव्हा जोआना म्हणाली, "हा दिसतो कसा?"

"तुला नाही माहीत?"

"ब्रेलमध्ये सगळे ग्रीक सारखेच. म्यू म्हणजे एम, फक्त आधी एक खूण. न्यू म्हणजे एन, आधी तीच खूण. त्यांना चेहरे असतात हे माहितीये, पण मला कुणी दाखवले नाहीत."

सुलक्षणानं तिचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर नखानं क्साय काढला. वरून निघून आत, बाहेर, पुन्हा आत, आणि खाली लोंबती शेपटी. जोआना खुदकन हसली. "गुदगुल्या करतो हा! अजून एकदा." मग ओमेगा झाला, साय झाला, सिग्मा झाला. एडना चहा घेऊन आली ती बघतच राहिली. ओमेगा पाहून म्हणाली, "ह्यो मना म्हाईत हाय. ईस्टरच्या मोठ्या मेनबत्तीवर असतो. वर अल्फा, खाली ओमेगा. फादर सांगतात, पयला नि शेवटचा." "मधले बावीस पण आहेत, मम्मी," जोआना म्हणाली. "ते फादरांचे नाय," एडना म्हणाली आणि कप ठेवून गेली.

डिसेंबरात एका शुक्रवारी जोआनाला जुन्या गोष्टींची उजळणी करायची होती. तिनं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं, पिवळ्या पानांचं एक पुस्तक काढून दिलं. सुलक्षणानं सांगितलेलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो, देअर एक्झिस्ट्स अ डेल्टा..." आणि तिचा आवाज बंद पडला.

"आंटी?"

सुलक्षणानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आंटी, नाव आठवत नाही का? हरकत नाही."

"नाव आठवतंय," सुलक्षणा म्हणाली. "ही ओळ मला पाठ आहे. एक्केचाळीस वर्षं पाठ आहे." तिनं पुस्तक मिटलं आणि न बघता ती ओळ शेवटपर्यंत म्हणून दाखवली.

मग तिनं आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील गिरणीत, आणि तेव्हा संप सुरू होऊन सहा महिने होऊन गेले होते. घरात चार भावंडं. जुलैतल्या एका दुपारी सरांनी फळ्यावर ही ओळ लिहिली आणि वर्गाकडे वळून म्हणाले, 'दिसायला ही ओळ आहे. पण ही ओलांडली की पलीकडे खरं गणित आहे.' तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. 'उद्या याचा अर्थ सांगतो,' म्हणाले. ती घरी आली तर वडील दारातच उभे. टेलिफोन खात्याचं बोलावणं आलं होतं, मुलाखत दुसऱ्याच दिवशी सकाळी. वडिलांनी एवढंच विचारलं, 'जाशील ना?' ती गेली. नोकरी लागली. त्या वर्गात ती पुन्हा पाऊल टाकू शकली नाही.

"मला काही फार मोठी गणितज्ञ व्हायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी सर काय म्हणाले असतील, हे कायम मनात राहिलं. लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं. १९७ वर दोन कॉलच्या मध्ये कधी थोडा वेळ मिळाला की मी ही ओळ मनात म्हणायचे. कुणाला विचारायचं? आणि विचारलं तर लोक म्हणतील, हिला काय करायचंय."

जोआनानं खुर्ची मागे सारली. मग उठली, चाचपत कपाटापाशी गेली आणि आजोबांचा जुना रेडिओ घेऊन आली. तो टेबलावर ठेवून तिनं सुरू केला. खरखर झाली.

"हे बटण फिरवा आंटी. एक जागा अशी आहे की तिथे गाणं एकदम साफ लागतं. पण अगदी त्याच जागी बटण नेऊन ठेवणं कुणालाच जमत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपण असं करू. तुम्हाला साफ आवाजाच्या किती जवळचं हवंय ते तुम्ही सांगायचं. थोडी खरखर चालेल की अगदीच कमी. तो तुमचा एप्सिलॉन. तो ऐकून मी सांगणार, बटण त्या जागेच्या इतकं जवळ आणा, काम होईल. तो माझा डेल्टा. आता तुम्ही म्हणाल, मला अजून साफ हवंय. मागा. मी अजून बारका डेल्टा देईन. अजून मागा, अजून देईन. तुम्ही मागून मागून दमाल, पण मी 'नाही' म्हणणार नाही. असं प्रत्येक वेळी देता आलं, तर म्हणायचं की बटण त्या जागेकडे गेलं की आवाज साफ होत जातो. बस."

"आधी मागायचं," सुलक्षणा सावकाश म्हणाली, "मग द्यायचं."

"हो! आधी एप्सिलॉन, मग डेल्टा. पोरं इथेच चुकतात. आधीच एक डेल्टा देऊन टाकतात आणि म्हणतात, घ्या, यातच भागवा."

सुलक्षणानं बटण स्वतः फिरवून पाहिलं. थोडं अलीकडे, थोडं पलीकडे. खरखर वाढत होती, कमी होत होती. तिनं पुस्तक पुन्हा उघडलं आणि ती ओळ वाचली. या वेळी प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसला, आणि त्यातला एकही जास्तीचा नव्हता.

"इतकंच होतं?"

"इतकंच."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा-बारा मिनिटं झाली असतील. तिला वाटलं होतं की कळेल तेव्हा मोठं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. दहा मिनिटांचं काम होतं. तेवढ्यासाठी एक्केचाळीस वर्षं. आणि ती ओळ ओलांडल्यावर पलीकडे जे होतं, सरांनी सांगितलेलं, ते तर अजून सगळंच्या सगळं तसंच पडलं होतं.

"पुढचं पान वाचू?" तिनं विचारलं.

"वाचा ना. पण आता नुसतं वाचू नका. अडलं तर थांबा आणि मला विचारा."

त्यानंतर वाचनाचा वेग निम्म्यावर आला. जोआना कधी कधी कुरकुरायची, "आंटी, परीक्षा माझी आहे, तुमची नाही." पण सांगायची.

परीक्षेला लेखनिक म्हणून सुलक्षणाच गेली. लेखनिकाचं त्या विषयातलं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी हवं असा नियम होता, आणि तिचं शिक्षण दुसऱ्या वर्षाच्या जुलैत थांबलेलं होतं, तेव्हा अडचण काहीच नव्हती. वेगळ्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसल्या, समोर पर्यवेक्षिका. सुलक्षणानं प्रश्न वाचले. म्यूला म्यू म्हटलं, न्यूला न्यू म्हटलं. एका प्रश्नात क्साय आणि झीटा जवळजवळ होते तिथे ती क्षणभर थांबली, वळसे मोजले आणि मग नाव घेतलं. जोआना भरभर सांगत होती, ती लिहीत होती. तीन तासांत बत्तीस पानं झाली. बोटांना रग लागली. शेवटची घंटा झाल्यावर तिनं पानं दोऱ्यात ओवली आणि एकदा चाळून बघितली. एम.एस्सी.चा गणिताचा पेपर होता आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचं स्वतःचं अक्षर होतं. वर आसन क्रमांक जोआनाचा. पर्यवेक्षिकेनं हात पुढे केला. सुलक्षणाच्या हातून तो गठ्ठा चटकन सुटला नाही.

"द्या ना बाई," पर्यवेक्षिका म्हणाली. मग तिनं दिला.

निकाल उत्तम लागला. जुलैत जोआनाला चेन्नईला संशोधनासाठी जागा मिळाली. तिथे सूत्रं वाचणारी नवी यंत्रणा होती, ब्रेलमध्ये छापून द्यायची सोय होती. निघायच्या आदल्या दिवशी सुलक्षणा मरोळला गेली तेव्हा एडना बॅगेत चटणीच्या बाटल्या कोंबत होती आणि जोआना त्या काढून ठेवत होती.

"आंटी, तिथे मशीन वाचेल," जोआना म्हणाली. "म्यूला म्यूच म्हणेल. पण गुदगुल्या नाही करणार."

"पत्ता दे. येईन करायला."

"खरंच या." मग तिनं आणखी एक बाटली बॅगेबाहेर ठेवली. "तुम्ही फॉर्म का भरत नाही? मुक्त विद्यापीठात वयाची अट नसते."

"बघू," सुलक्षणा म्हणाली. निघताना जोआनानं तिचा हात घेतला आणि तळव्यावर नखानं एक अक्षर काढलं. वेडंवाकडंच आलं. ते झीटा होतं की क्साय हे सुलक्षणाला ओळखता आलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

पहिल्या महिन्यात चेन्नईहून रोज फोन यायचा. मग आठवड्यातून एकदा. मग कामाच्या गडबडीत नुसतेच आवाजाचे छोटे निरोप. सुलक्षणाला राग आला नाही. पोर ज्यासाठी गेली होती तेच करत होती. पण मंगळवार उजाडला की ती साडी नेसून तयार व्हायची आणि मग आठवायचं की कुठेच जायचं नाही. एका मंगळवारी ती तशीच निघाली आणि मरोळला जाऊन एडनापाशी बसून आली. दोघी जोआनाबद्दल फारसं बोलल्या नाहीत. एडनानं बोंबील साफ केले, सुलक्षणानं लसूण सोलली.

फॉर्म तिनं भरला नाही. फोनवर उघडून तीनदा वाचला आणि तीनदा बंद केला. साठीनंतर पदवी घेऊन ती कुणाला दाखवायची हा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की आपल्याला पदवी हवीच नव्हती. हवा होता तो वर्ग, ती दुपार, एकोणीस वर्षांचं ते डोकं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर बसायला मिळणं. ते कुठल्या फॉर्मवर मागता येत नाही.

सप्टेंबरात जोआनाचा निरोप आला. ज्या संस्थेनं सुलक्षणाला तिच्याकडे पाठवलं होतं, तिथे नाशिकहून, कोल्हापूरहून मुलं विचारत होती. पहिल्या वर्षाचं ते पिवळं पुस्तक कुणी आवाजात करून देईल का? 'मी तुमचं नाव सांगितलंय, आंटी. तुम्हाला न विचारताच सांगितलंय.'

सुलक्षणानं एडनाकडून ते पुस्तक आणलं आणि दुपारची वेळ ठरवली. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद करायचा, खिडक्या लावून घ्यायच्या. ऑक्टोबरातला उकाडा. राजेश पहिल्या दिवशी म्हणाला, "माका शिजवतंस काय गो?" दुसऱ्या दिवसापासून मात्र तो स्वतःच पंखा बंद करायचा, स्टूल घ्यायचा आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. कुकरच्या शिट्ट्या होणार असल्या तर आधी गॅसही बंद करून जायचा.

पान चाळीसवर ती एका प्रमेयापाशी आली. त्यात एप्सिलॉन होता, डेल्टा होता, आणि नव्यानंच आलेला ईटा होता. ती वाचत गेली, नावं नीट घेत, दोन खुणांमध्ये तेवढाच श्वास सोडत. शेवटच्या ओळीला आली तेव्हा घामानं पदर ओला झाला होता. सिद्धता संपली. तिनं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं.

तो ईटा कुठून आला हे तिला कळलं नव्हतं. ऐकणाऱ्या मुलांना कदाचित कळेल.

गॅलरीतून राजेशनं विचारलं, "झाला? लावू पंखो?"

"थांबा जरा," ती म्हणाली. तिनं वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि ते प्रमेय पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी मोठ्यानं नाही.